खालच्या पंखाचं विमान

९ मार्च, रविवार दुपार

दादा,

खोकं पोचलं. पोचलं एवढं कळवणं माझं काम, म्हणून हे पत्र. ख्यालीखुशाली विचारत नाही आणि माझी सांगत नाही.

नऊ वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि परवा दारात जवळजवळ माझ्या उंचीचं खोकं. वर पत्ता वहिनीच्या अक्षरात. आत विमान. चिठ्ठी नाही. मी थर्माकोलचा एकेक तुकडा उलटा करून पाहिला, खोक्याचा तळ फाडून पाहिला, बॅटरीच्या कप्प्यात बोट घालून पाहिलं. काही नाही. ज्याला भांडण मिटवायचं असतं तो चार शब्द तरी लिहितो. तू लिहिले नाहीस, म्हणजे तुला काहीतरी वेगळंच हवंय. काय हवंय?

हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून महत्त्वाचा. मी रिमोटची विमानं उडवते हे तुला कोणी सांगितलं?

माझ्या ओळखीतल्या मोजून तिघांना ही गोष्ट ठाऊक आहे. एक आमचे दुकानदार, कारण गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी कुठे जाते हे त्यांनी विचारलं होतं. (चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं माझं काम अजून चालू आहे.) दुसरे मैदानावरचे मास्तर. तिसरे आमचे हे. दुकानदारांना मला भाऊ आहे हेच माहीत नाही. यांनी घरात तुझा विषय काढायचं सोडून नऊ वर्षं झाली. राहिले मास्तर.

मास्तर म्हणजे निवृत्त भूमितीचे शिक्षक. दोन वर्षांपूर्वी चष्मा करायला आले. म्हणाले, "बाई, लांब आकाशातली वस्तूही दिसली पाहिजे आणि हातातली बटणंही." असं गिऱ्हाईक रोज येत नाही. काचा जमल्या की नाही ते उघड्यावर बघायला मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले, आणि दहाव्या मिनिटाला त्यांनी माझ्या हातात रिमोट दिला. त्यांच्या रिमोटला माझा रिमोट तारेने जोडलेला, माझं चुकलं की ते विमान ओढून घेणार. दहाव्या मिनिटाला, दादा. तुझ्या विमानांची शेपटी धरून मी बाराव्या वर्षापासून उभी राहिले, आणि दरवेळी ऐकलं, "आज वारा आहे, पुढच्या वेळी देतो."

तेव्हापासून मी ट्रेनरवर आहे. पंख वर असलेलं, शहाण्या गाढवासारखं विमान. रिमोटच्या काठ्या सोडल्या की आपसूक सरळ होतं. माझं बरं चाललं होतं. तू पाठवलंस ते खालच्या पंखाचं, कलाबाजीचं. ट्रेनरच्या पुढची पायरी. मी त्या पायरीवर आले आहे हेही तुला कळलं म्हणायचं!

आणि ते कोरं नाही. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला तळहाताएवढं ठिगळ आहे. रंग छान जुळवलाय, पण मी दिवसभर काचेवरचे ओरखडे शोधणारी बाई आहे. हे कशात आपटलं होतं? आपटलेलं विमान बहिणीला का पाठवलंस?

मला तुझा संशय का येतो ते विसरला असशील, तर आठवण करून देते. तू आणि हे एकाच लिफ्टच्या कंपनीत. तू तपासनीस, हे मेकॅनिक. हॉस्पिटलमधल्या लिफ्टचं काम उरकून हे घरी आले, आणि दुसऱ्या सकाळी दार उघडं असताना लिफ्ट हलली. सफाईचं काम करणाऱ्या बाईंचा पाय अडकला. दार उघडं ठेवून लिफ्ट चालवून बघता यावी म्हणून मेकॅनिक तात्पुरती एक तार जोडतात आणि काम झालं की काढतात. तू अहवालात लिहिलंस, मेकॅनिकने तार काढली नव्हती. हे म्हणत होते, मी काढली होती, मागून कोणीतरी जोडली. यांची नोकरी गेली. दोन महिन्यांत तुला बढती मिळाली. मी दारात उभं राहून विचारलं, खोटं का लिहिलंस? तू म्हणालास, "लिहिलंय ते बरोबर आहे." बस. मी दार लावलं.

तुझं विमान परत पाठवणार होते. हे म्हणाले, "राहू दे, एवढ्या लांबून आलंय." टेबल यांनी आधीच रिकामं करून ठेवलं होतं, म्हणून तिथेच ठेवलंय.

दोन प्रश्नांची उत्तरं पाठव.

तुझी बहीण (कागदोपत्री)

*

२३ मार्च, रविवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "विमान तुझंच आहे. उडवण्याआधी पट्ट्या नीट तपास. पहिलं उड्डाण मास्तरांना करू दे."

मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय. पण एका शब्दाने तू स्वतःच सापडलास. तुझं खोकं आलं तेव्हा मी तुला मास्तरांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं असं म्हणायला गेले, तर आठवलं, मागच्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण कार्डावरचा शिक्का बघितला. कार्ड टाकलंस अकरा तारखेला. माझं पत्र टपालात पडलं दहाला. तू दोन दिवसांच्या वाटेवर राहतोस. माझं पत्र तुझ्या हातात पडण्याआधीच तू मास्तरांचं नाव लिहिलंस.

म्हणून परवा गुरुवारी मैदानावर गेल्या गेल्या मी मास्तरांना गाठलं. ते त्यांच्या विमानाचा पंखा पुसत होते.

"मास्तर, तुम्ही कोणाला पत्र लिहिता का?"

"विजेच्या ऑफिसला लिहितो. वर्षातून दोनदा."

"माझ्या भावाला?"

त्यांनी चष्मा काढला, मीच केलेला, आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला भाऊ आहे? दोन वर्षांत कधी बोलला नाहीत."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, "सल्ला योग्य आहे. पहिलं उड्डाण मी करतो. हे विमान तुमच्या ट्रेनरसारखं नाही, बाई. ट्रेनर चुका पोटात घालतं. हे जिथे झुकवाल तिथेच झुकून राहील. परत सरळ करायचं तुम्हीच."

"म्हणजे तुम्हालाही हेच हवंय."

"मला काय हवंय?" मास्तर दुखावले. पोरांना चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, खोटं बोलला असेल तर फार सफाईने बोलला. त्यानंतर आम्ही हवा, गवत आणि वाऱ्याची दिशा एवढंच बोललो.

पहिलं उड्डाण मी मास्तरांना करू देणार नाही. तू सांगितलंस म्हणून तर नाहीच.

अजून एक. पंखाच्या मधोमध जी छोटी मोटर बसवली आहेस, दोन्ही पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या हलवणारी, ती कुरकुरते. मी फक्त कान लावून ऐकलं. एका बाजूला नीट फिरते, दुसऱ्या बाजूला येताना दात खाल्ल्यासारखा आवाज. तुला हे ठाऊक नसेल? तू तर लिफ्टचा आवाज ऐकून मजला सांगायचास.

आमच्या घरातही काहीतरी शिजतंय. गुरुवारी मी मैदानावरून परत येते तेव्हा स्टूल फोनपाशी असतं. एरवी ते स्वयंपाकघरात असतं. विचारलं तर हे म्हणतात, "पंखा बघत होतो." नोकरी गेल्यापासून घरी बसून लोकांचे पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात, म्हणून पंखा हे उत्तर यांना कुठेही चालतं. फोनच्या वर पंखा नाही. कोणी बाई असेल असंही मनात येऊन गेलं. पण यांच्याशी अर्धा तास बोलत बसेल अशी बाई येणार कुठून?

दोन प्रश्न अजून तसेच आहेत. कोणी सांगितलं आणि का पाठवलंस?

बहीण

*

३ एप्रिल, गुरुवार

संपलं तुझं विमान. आता खूश?

मास्तर आठवडाभर मुलीकडे गेलेत. मैदानावर मी एकटी होते, आणि गवत कापणारे काका पार तिकडच्या टोकाला. वारा समोरून, अगदी हलका. मी सगळं नीट केलं. बॅटरी भरलेली. पंखाचे दोन्ही बोल्ट आवळलेले. रिमोटची काठी हलवून बघितली, पट्ट्या हलत होत्या. विमान धावपट्टीवर ठेवलं आणि सोडलं.

काय धावलं! ट्रेनर कसं रमतगमत उचलतं, हे तसं नाही. दहा पावलांत शेपटी वर, वीस पावलांत जमीन सुटली. मला एक क्षण, एकच क्षण, फार बरं वाटलं. तेवढ्यात ते जरा डावीकडे झुकलं. असं होतंच, म्हणून मी उजवीकडे काठी दिली. ते आणखी डावीकडे झुकलं. मी आणखी उजवी दिली. ते पंखावर उभं राहिलं आणि नाक खाली करून गवतात शिरलं. सगळं मिळून सहा सेकंद. आवाज असा आला, जसा लाकडी खोका जिन्यावरून पडावा.

उलटं, दादा. उजवं दिलं की डावीकडे जाणारं विमान तू पाठवलंस. ट्रेनर असतं तर काठी सोडून वाचवलं असतं. हे मुद्दाम असं निवडलंस, जे वाचवता येऊ नये. आणि वर साळसूदपणे कार्ड, पट्ट्या तपास! म्हणजे उद्या कोणी विचारलं तर तुझा कागद तयार. मी सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. यांच्या वेळीही असाच कागद तयार होता.

मी तर विमानाला हातही लावला नव्हता. जसं आलं तसं उडवलं.

मला आता काहीच नकोय. उत्तरही नको. आई नाही, बाबा नाहीत, त्यांना हे बघावं लागलं नाही तेवढं बरं. मी समजेन मला भाऊ नव्हता. यांना तू रस्त्यावर आणलंस आणि मला मैदानावर हसं केलंस. गवतवाले काका धावत आले, म्हणाले, "ताई, लागलं का?" मला काय लागणार होतं? मी चाळीस हात लांब होते.

सही करत नाही. सह्या करणं हे तुझं काम.

*

५ एप्रिल, शनिवार सकाळ

दादा,

आधीचं पत्र तू उघडलं असशील की नाही कोण जाणे. उघडलं नसशील तर उघडू नकोस, आधी हे वाच. उघडलं असशील तर मग काय, वाचलंसच.

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. "हातही लावला नव्हता" हे.

तुझी मोटर कुरकुरत होती. मला वाटलं, तू मुद्दाम सडकी मोटर घालून पाठवली आहेस, हवेत बंद पडावी म्हणून. दुसऱ्याच दिवशी मी पंख उघडला, चार स्क्रू काढले आणि तुझी मोटर काढून माझ्या ट्रेनरची बसवली. माझी, दोन वर्षं विश्वासाची. रिमोट लावला, काठी हलवली, पट्ट्या हलल्या. झाकण लावलं. पट्ट्या हलतात हे पाहिलं. कुठल्या बाजूला कुठली हलते हे पाहिलं नाही. दोन कंपन्यांच्या मोटरी एकमेकींच्या उलट फिरू शकतात, आणि मग रिमोटवरचं बटण फिरवून दिशा बदलून घ्यायची असते. मास्तरांनी हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

हे मला माझं मी कळलं असं म्हणायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही.

काल सकाळी मी विमानाचे तुकडे टेबलावर मांडले होते. पुढचा भाग पार चेचलेला, डावा पंख मधून मोडलेला. हे चहाचा कप घेऊन आले, उभ्या उभ्या बघत राहिले. मग बोटाने मोटर फिरवून पाहिली.

"ही दादांची नाही."

"असेल," मी म्हटलं.

"तुझ्या ट्रेनरची आहे. तिच्या कडेला मीच लाल रंगाचा ठिपका दिला होता."

मी मोडका पंख उचलून बाजूला ठेवला.

"पत्र टाकलंस?"

"काल. मैदानावरून आल्या आल्या लिहून टाकलं."

"त्यात मोटर बदलली हे लिहिलंस?"

"तुम्ही कुणाच्या बाजूने बोलताय?"

यांनी कप खाली ठेवला. खुर्ची ओढली आणि बसले. यांना तू ओळखतोस, बसून बोलायची यांना सवय नाही, कायम दाराशी उभं राहून एक वाक्य टाकतील आणि जातील. बसले तेव्हा मी हातातला तुकडा खाली ठेवला.

"चालतंय एवढंच बघितलंस ना?" हे म्हणाले. "मीही एवढंच बघितलं होतं."

"कधी?"

"हॉस्पिटलच्या लिफ्टला. वर नेली, खाली आणली, चालत होती. हत्यारं भरली आणि निघालो. तार आतच होती. मी काढली नव्हती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "तुम्ही काढली होती. मागून कोणीतरी..."

"मागून कोणी आलं नव्हतं. मीच होतो." विमानाच्या बाल्सा लाकडाचा टेबलावरचा एक तुकडा घेऊन हे त्याचे बारीक बारीक तुकडे करत होते. "दादांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी अहवालात फक्त तार काढली नाही एवढं लिहिलं. हलगर्जी शब्द घातला असता तर माझ्यावर खटला झाला असता. आणि मी त्यांना हात जोडून सांगितलं, तिला कळू देऊ नका. बाकी जगाला कळलं तरी चालेल, तिला नको."

"नऊ वर्षं?"

"रोज वाटायचं, आज सांगू."

मग बाकीचंही बाहेर आलं. गुरुवारचं स्टूल. दीड वर्ष हे तुला फोन करतायत. मी ट्रेनरवर काय करते, कधी पहिल्यांदा एकटीने उतरवलं, मास्तर काय म्हणाले, सगळं तुझ्यापर्यंत. विमान येणार हे यांना आठवडाभर आधी माहीत होतं. आणि मी बिचाऱ्या मास्तरांची उलटतपासणी घेतली.

दादा, मी आता तुझी माफी मागायला हवी. तेवढं कळतं मला. पण लिहायला बसले की हात दुसरंच लिहितो, तेच लिहू देते.

माझ्या नाकाला वास येत होता. घरात काहीतरी लपवलेलं आहे हे मला नऊ वर्षं जाणवत होतं, आणि ते खरं होतं. मी फक्त चुकीच्या माणसाला धरलं. मला त्या माणसाकडे बोट दाखवू देणारे तुम्ही दोघं होतात. यांना लाज वाटत होती, समजू शकते. तू का गप्प बसलास? दारात मी तोंडाला येईल ते बोलले, बढतीसाठी बहीण विकलीस असंही बोलले, आणि तू "लिहिलंय ते बरोबर आहे" म्हणून जिना उतरलास. एकदा तरी ओरडायचंस! तुम्हा दोघांना मी काय काचेची वाटले? काचेचं काम मी करते, मला माहीत आहे काच किती सोसते.

काल दिवसभर मी यांच्याशी बोलले नाही. आज सकाळी फक्त एक विचारलं. "त्या बाईंना सांगितलंत? पाय अडकलेल्या?"

"नाही."

आत्ता हे बाहेरच्या खोलीत कुणाची तरी इस्त्री उघडून बसलेत. स्क्रू काढतायत आणि परत लावतायत, तोच तोच.

मी

*

१८ मे, रविवार

दादा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. माझी दोन्ही पत्रं तुला एकाच दिवशी मिळाली आणि वहिनीने आधी शिव्यांचं उघडलं, हे वाचून मला लाज वाटली आणि हसूही आलं. ठिगळाचा खुलासाही समजला. विमानावर नवीन कापड चढवताना वहिनीने "मी इस्त्री फिरवते, तुम्हाला जमत नाही" म्हणून गरम इस्त्री टेकवली आणि पंखाला भोक पाडलं. मी त्या ठिगळावरून काय काय रचलं होतं! वहिनीला सांग, माझ्या मनात ते विमान दोनदा डोंगरावर आपटलं होतं.

तुझ्या बाजूचं मैदान गेलं, तिथे गोदामं झाली, म्हणून तू विमान पाठवलंस हेही कळलं. चिठ्ठी का घातली नाहीस ते मात्र पटलं नाही. "काय लिहू कळेना" हे मोठ्या भावाचं उत्तर नव्हे. खरं सांगू? तुझ्या पाकिटावरचा शिक्का मी अजूनही तारखेशी ताडून बघते. सवय जाईल तेव्हा जाईल.

आता इकडचं.

त्या बाईंकडे आम्ही दोघं गेलो. मी न्यायचंच ठरवलं होतं, पण पत्ता यांनीच काढला. यांना तो कायम माहीत होता. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. आम्ही जिना चढत असताना माझ्या मनात तेच आलं, आणि यांच्याही आलं असणार, कारण दुसऱ्या मजल्यावर हे कठडा धरून थांबले. दार त्यांनीच उघडलं. उजवा पाय ओढत चालतात. घरात शिवणाचं मशीन, त्यावर अर्धी शिवलेली उशीची खोळ.

यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं. आत या म्हणायच्या आधी. "त्या लिफ्टचा मेकॅनिक मी. तार माझ्याकडून राहिली होती."

बाई यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे. कंपनीचे साहेब आले होते तेव्हा, तपासणीवाले. त्यांनी सांगितलं होतं, ज्याच्याकडून झालं तो माणूस येईल."

"नऊ वर्षं लागली," हे म्हणाले.

"हो, मी पहिलं वर्षभर वाट बघितली. मग सोडून दिली." मग माझ्याकडे वळल्या. "बसा तुम्ही. हे उभे राहू देत थोडे."

दादा, आम्ही अर्धा तास बसलो आणि हे अर्धा तास उभे राहिले. त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. निघताना यांना म्हणाल्या, "मशीनचं पायडल अडकतं. बघता का?" यांनी खाली बसून पायडल काढलं, साफ केलं, लावलं. बाईंनी स्वतः दहा वेळा चालवून बघितलं, पुढे, मागे, सावकाश, जोरात. मग मान हलवली. हे तेव्हा उठले.

आणि तू त्यांच्याकडे गेला होतास हे तू तुझ्या सहा पानी पत्रातही लिहिलं नाहीस. अजून काय काय लपवलंयस?

मी घरात यांच्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. कधी चहा देता देता एकदम राग येतो आणि कप आपटते. हे काही बोलत नाहीत. बोलावं असं मला वाटतं. परवा म्हणालेही, "कप फुटेल." मी म्हटलं, "फुटू दे." तेवढं संभाषणसुद्धा बरं वाटलं.

विमान आम्ही दोघांनी जोडलं. पाच आठवडे लागले. बाल्साच्या नव्या पट्ट्या कापल्या, मोडलेल्या पंखाच्या आत दोन्ही बाजूंनी आधार चिकटवले, पुढचा भाग तर नवाच केला. मास्तरांची माफी मी मैदानावर, सगळ्यांच्या देखत मागितली. ते म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्यावर पेपर फोडल्याचा आरोप सुद्धा झालाय, हे काहीच नाही." आणि मग म्हणाले, "पहिलं उड्डाण?" मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन चकरा मारल्या, विमान जरा उजवीकडे ओढतं म्हणून रिमोटवर सुधारून घेतलं, उतरवलं, आणि माझ्याकडे आले. "घ्या. आता तुमचं."

मास्तरांच्या रिमोटला जोडणारी तार नाही. माझाच रिमोट आणि समोर तुझं विमान.

उडालं, दादा. पहिल्या वळणालाच कळलं की ट्रेनरवर मी दोन वर्षं अर्धंच काम करत होते, उरलेलं अर्धं ते विमान करत होतं. हे वळवलं की वळलेलंच राहतं. तू परत सरळ करशील तोवर ते वाट बघतं. पहिली दोन मिनिटं मी नुसती वळवत आणि सरळ करत होते. तिसऱ्या मिनिटाला मी त्याला पूर्ण उलटं केलं. पोट आकाशाकडे, सावली गवतावर, आणि ते तसंच सरळ रेषेत मैदानभर गेलं, पडलं नाही, डगमगलं नाही. हे माझ्या मागे उभे होते. "अरे वा!" असं एकदम तोंडून निघालं यांच्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी मागे वळून यांच्याकडे हसले, आणि मास्तर ओरडले, "बाई, समोर बघा!"

उतरवताना दोनदा उसळलं. पंख शाबूत आहेत.

आता तू ये. पुढच्या महिन्यात सुट्टी काढ. वहिनीलाही आण, इस्त्री मात्र घरी ठेवून ये. विमान तुझ्या हातात देईन. त्या दिवशी वारा असला तरी देईन.

फक्त एक अट आहे, आणि ती यांनाही सांगितली आहे. तुम्ही दोघं गुपचूप कोपऱ्यात जाऊन बोलायचं नाही. फोनवर नाही, मैदानावर नाही, गॅलरीत नाही. नऊ वर्षं माझ्या भल्यासाठी जे काय बोललात ते पुरे झालं. या घरात यापुढे जे बोलायचं ते माझ्यासमोर बोलायचं. भांडायचं असलं तरी माझ्यासमोर भांडा. मी मध्ये बसून ऐकणार आहे, आणि पटलं नाही तर विचारणार आहे.

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर आम्ही दोघं येऊ.

तुझी धाकटी